धाराशिव जिल्ह्याची प्राकृतिक रचना

धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागाच्या दक्षिण भागातील जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ ७,५६९ चौ. किमी आहे. संपूर्ण जिल्हा दख्खनच्या पठारावर, लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे. प्राकृतिकदृष्ट्या त्याचे डोंगराळ प्रदेश व नदीखोऱ्यांचा सखल प्रदेश असे दोन भाग पडतात.

बालाघाट डोंगररांग

बालाघाटची रांग जिल्ह्यातून वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. भूम, वाशी, धाराशिव व तुळजापूर तालुक्यांचा बराच भाग तिने व्यापला आहे. तुळजाभवानीचे मंदिर, धाराशिव लेणी आणि येडशीचे रामलिंग अभयारण्य याच रांगेत आहेत. माथ्यावरील जमीन उथळ व मुरमाड असल्याने तेथे शेतीपेक्षा पशुपालन अधिक भरवशाचे ठरते. काटक उस्मानाबादी शेळी ही याच भागाची ओळख होय.

नदीखोरी

ही रांग गोदावरी व कृष्णा या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. तिच्या उत्तरेचे व पूर्वेचे पाणी मांजरा व तेरणा नद्यांमधून गोदावरीकडे, तर पश्चिमेचे व दक्षिणेचे पाणी सीना व बोरी नद्यांमधून भीमेला मिळून कृष्णेकडे जाते. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन व्यापारी नगर तगर. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घालून पाणीमहाल बांधलेला आहे. खोऱ्यांत काळी कसदार जमीन आढळते. ही जमीन ओल धरून ठेवते, म्हणून ज्वारी व हरभरा ही रब्बी पिके तिच्यावर येतात.

पाणीटंचाई

जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जलविभाजकावर असल्याने येथील नद्या बहुधा उगमाजवळच्या व हंगामी आहेत. बाहेरून भरपूर पाणी आणणारी मोठी नदी जिल्ह्यातून वाहत नाही. बेसॉल्टमध्ये भूजल केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे पाऊस हुकला की विहिरी लवकर आटतात. वारंवार पडणाऱ्या दुष्काळाचे मूळ या रचनेत आहे.

भूकंप

दख्खनचे पठार दीर्घकाळ भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जात होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने हा समज खोटा ठरवला. लातूरबरोबरच या जिल्ह्यातील सास्तूर व आसपासच्या गावांची मोठी हानी झाली. दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड धाब्याची छते कोसळल्याने जीवितहानी वाढली. त्यानंतर अनेक गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले.