नंबर कशासाठी दिला होता? नको असलेले मार्केटिंगचे फोन आणि आपला धंदा



उद्यम नोंदणी झाली, जीएसटी नंबर हातात आला, की काही दिवसांत फोन सुरू होतात. कुणी बिझनेस लोन देतो, कुणी वेबसाइट बनवून देतो, कुणी म्हणतो, "सर, तुमचं सर्टिफिकेट पेंडिंग आहे, फी भरा." धंद्याचा पहिला ग्राहक यायच्या आधीच माणूस फोनला वैतागतो. आणि गंमत बघा, त्याच सुमारास एखादा मेसेज येतो, "तुमच्या शहरातले हजारो मोबाइल नंबर, अगदी स्वस्तात." मग तोच वैतागलेला माणूस मनात म्हणतो, घेऊन बघूया का यादी?

म्हणून आज आपण दोन्ही बाजू बघणार आहोत. आपल्याला येणारे नको ते फोन कसे थांबवायचे, आणि आपण दुसऱ्याला असा फोन करणारे होऊ नये म्हणून काय सांभाळायचं. दोन्हीकडे एकच प्रश्न कामाला येतो: हा नंबर कशासाठी दिला होता?

आधी दोन नियम वेगळे समजून घ्या

बरेच जण दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

पहिला नियम ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा. २०१८ पासूनचे हे नियम जाहिरातीच्या फोन कॉल आणि एसएमएसबद्दल आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी कडक झाले. हे आज लागू आहेत.

दुसरा म्हणजे वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. हा कायदा फोनपुरता नाही. व्हॉट्सॲप, ईमेल, तुमच्या मोबाइलमधली ग्राहकांची यादी, एक्सेल शीट, सगळं यात येतं. कागदाच्या वहीतला नंबर येत नाही, पण तोच कॉम्प्युटरवर चढवला की येतो.

थोडक्यात, फोन आणि एसएमएसचा त्रास असेल तर आज ट्रायचा रस्ता. आणि ग्राहकांची माहिती कशी गोळा करायची, कशी वापरायची, कधी पुसायची, त्यासाठी डेटा कायदा. त्याची तयारी आत्तापासून.

तुम्हाला फोन येतात तेव्हा काय करायचं?

एक. डीएनडी सुरू करा. १९०९ वर फोन करा किंवा एसएमएस पाठवा. एसएमएसमध्ये इंग्रजीत 'स्टार्ट' लिहायचं, एक जागा सोडायची आणि शून्य टाकायचं. सगळ्या जाहिराती बंद नको असतील तर बँकिंग, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे प्रकार निवडूनही बंद करता येतात. ओटीपी आणि बँकेचे व्यवहाराचे मेसेज त्याने थांबत नाहीत, घाबरू नका.

दोन. नंबर बघायची सवय लावा. नोंदणी केलेल्या कंपन्यांचे जाहिरातीचे कॉल १४० पासून सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ची मालिका आहे. एसएमएसच्या नावाशेवटी इंग्रजी 'पी' असेल तर ती जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार, 'जी' म्हणजे सरकारी. आता साध्या दहा अंकी मोबाइलवरून कुणी "लोन घ्या" म्हणत असेल, तर तो नियमाबाहेर काम करतोय हे लगेच ओळखा.

तीन. तक्रार करा, नुसतं कट करू नका. १९०९ वर, ट्रायच्या डीएनडी ॲपवर किंवा तुमच्या सिमकार्ड कंपनीच्या ॲपवर तक्रार करता येते. कुणाचा फोन होता तो नंबर, तारीख आणि काय विकत होते ते एका ओळीत, एवढं पुरतं. पूर्वी यासाठी तीन दिवस मिळायचे, आता सात दिवस मिळतात. साध्या नंबरवरून त्रास देणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला तुमचं डीएनडी आधीपासून सुरू असायला हवं असंही आता नाही.

आणि "एका तक्रारीने काय होणार?" असं म्हणू नका. नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी झाल्या की कारवाई होऊ शकते. तुमची तक्रार पाचवी असू शकते.

चार. फसवणुकीचा वास आला तर रस्ता वेगळा. उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे, जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. त्यामुळे "सर्टिफिकेटची सरकारी फी भरा" असा फोन आला की तो मार्केटिंगचा फोन नव्हे. संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे कळवा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

पाच. व्हॉट्सॲपला ट्रायचे नियम लागत नाहीत. तिथे ब्लॉक आणि रिपोर्ट, दोन्ही करा. फक्त ब्लॉक केलं तर तुमच्यापुरतं थांबतं, रिपोर्ट केलं तर पाठवणाऱ्याचं खातं धोक्यात येतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. इन्स्टाग्रामवर किंवा दुकानाच्या पाटीवर तुम्ही स्वतःच जाहीर केलेल्या नंबरला डेटा कायद्याचं संरक्षण मिळत नाही. म्हणून धंद्याचा नंबर आणि घरचा नंबर पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. जाहीर नंबरवर फोन किंवा एसएमएसचा त्रास झाला तरी ट्रायचा रस्ता मात्र मोकळा आहेच.

आता खुर्चीची दुसरी बाजू: तुम्ही पाठवता तेव्हा

समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. एका ताईंनी गोडा मसाला मागवला आणि डिलिव्हरीसाठी नंबर दिला. "ताई, पार्सल निघालं" हा मेसेज चालतो. "ताई, उद्या घरी आहात का?" हा फोनही चालतो. पण दिवाळीत त्याच नंबरवर फराळाची जाहिरात पाठवायची असेल, तर त्यांनी त्यासाठी 'हो' म्हटलेलं असायला हवं. कारण नंबर डिलिव्हरीसाठी दिला होता, फराळासाठी नाही.

डेटा कायद्यातच एक उदाहरण दिलेलं आहे. एखादी व्यक्ती औषधाच्या दुकानात खरेदी करते आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर देते. दुकानदाराने तो नंबर पोच पाठवायला वापरायचा. बस, तेवढंच.

आणि बिल करताना नंबर द्यायलाच हवा असा हट्ट धरू नका. मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना तसं बजावलं आहे. ग्राहक 'नको' म्हणाला तर नंबराशिवाय बिल द्यायचं.

मग परवानगी कशी घ्यायची? सोपं आहे. ऑर्डरच्या वेळी एक वेगळा प्रश्न विचारा: "नवीन मसाले आणि सणांच्या ऑफर व्हॉट्सॲपवर पाठवू का? नको वाटलं की 'बंद' लिहा, लगेच थांबवू." उत्तर 'हो' आलं तरच नाव यादीत. ते उत्तर आणि तारीख जपून ठेवा, कारण वाद झाला तर परवानगी घेतली होती हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची असते. आणि हे मराठीत विचारा. कायद्यातही ग्राहकाला सूचना इंग्रजीत किंवा मराठीसारख्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला सांगितलं आहे.

एसएमएसने जाहिरात करायची असेल तर सिम कंपनीच्या डीएलटी प्लॅटफॉर्मवर व्यवसायाची नोंदणी, मेसेजवर दिसणारं नाव आणि मजकुराचा नमुना, तिन्ही मंजूर करून घ्यावं लागतं. साध्या सिमवरून शेकडो जाहिरातीचे एसएमएस सोडायचे नाहीत.

विकतची यादी: स्वस्त नाही, फार महाग आहे

आता त्या हजारो नंबरांच्या यादीकडे येऊ. त्यातल्या एकानेही तुम्हाला परवानगी दिलेली नाही. तुम्ही तुमच्या मोबाइलवरून फोन करायला लागलात आणि दहा दिवसांत पाच जणांनी तक्रार केली, तर काय होतं? पहिल्या वेळी तुमच्या नंबरांवरून बाहेर जाणारे कॉल आणि मेसेज १५ दिवस बंद होऊ शकतात. पुन्हा तसंच केलं तर तुमच्या नावावरची सगळी कनेक्शन्स सगळ्या कंपन्यांकडून एक वर्षासाठी तोडली जाऊ शकतात.

आता विचार करा. तोच नंबर दुकानाच्या पाटीवर आहे, मसाल्याच्या पाकिटावर छापलाय, यूपीआयला जोडलाय, बँकेत दिलाय. दोन-चार ऑर्डरच्या आशेने तुम्ही हे सगळं पणाला लावताय.

डेटा कायद्यातल्या दंडाचे आकडे मोठे आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत. ही कमाल मर्यादा आहे. किती दंड लावायचा हे चुकीचं गांभीर्य बघून ठरतं. पण "आम्ही छोटे, आम्हाला कोण विचारतंय" हे उत्तर कायद्यात नाही.

'नको' म्हटलं की लगेच थांबा

'हो' म्हणणं जितकं सोपं, तितकंच 'नको' म्हणणं सोपं असलं पाहिजे, असं कायदा सांगतो. 'हो' व्हॉट्सॲपवर घेतलंत, तर बंद करायला ईमेल लिहा असं सांगता येणार नाही. एसएमएसच्या जाहिरातीत नकार देण्याची सोय द्यावीच लागते, आणि ग्राहकाने नकार दिल्यावर ९० दिवस पुन्हा परवानगीही मागता येत नाही.

नकार आला की वाईट वाटून घेऊ नका. जो 'नको' म्हणतो तो तक्रार करत नाही. आणि तुम्ही खरंच थांबलात हे त्याच्या लक्षात राहतं.

या आठवड्याचं काम

१. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या.
२. स्वतःच्या नंबरवर डीएनडी सुरू करा आणि पुढच्या नको त्या कॉलची तक्रार नोंदवा.
३. ग्राहकांच्या यादीत दोन रकाने वाढवा: 'नंबर कशासाठी दिला' आणि 'जाहिरातीला हो म्हटलं ती तारीख'.
४. दुसरा रकाना रिकामा असलेल्यांना जाहिरात पाठवणं आजपासून बंद.
५. ज्यांचं काम संपलंय आणि ज्यांची माहिती बिल किंवा करासाठी ठेवायची गरज नाही, त्यांचे नंबर पुसून टाका.

यादी छोटी होईल, होऊ द्या. दोन हजार अनोळखी नंबरांपेक्षा तुमच्या मेसेजची वाट बघणारे साठ ग्राहक धंदा जास्त चालवतात. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्टही तशीच चालते, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोहोचतो. लोकांना आपला नंबर सेव्ह करावासा वाटेल असा माल आणि अशी वागणूक द्या. बाकीचं मार्केटिंग त्यानंतर.