यूएफसीच्या पलीकडचे आखाडे : लढणाऱ्या मुलांच्या रोजीचा प्रश्न

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कुठेही जा, तरुणांच्या मोबाईलवर आता क्रिकेटसोबत एमएमएच्या लढतीही दिसतात. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. कुस्ती, बॉक्सिंग, ज्यूदो, जिउ-जित्सू, किक बॉक्सिंग या सगळ्यांचे डाव एकाच लढतीत वापरण्याचा खेळ. आपल्या मुलांना या खेळाकडे ओढणारे सर्वांत मोठे नाव दागिस्तानच्या खबीब नूरमागोमेदोवचे. २९ लढतींपैकी २९ जिंकून तो २४ ऑक्टोबर २०२० रोजी अबू धाबीत निवृत्त झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याचे वडील व उस्ताद अब्दुलमनाप यांचा इंतकाल झाला होता. वडिलांशिवाय त्याने लढू नये, असे आईला वाटत होते. आईचे मन राखून ऐन भरात खेळ सोडणारा हा खेळाडू आपल्या घरांना जवळचा वाटला, यात नवल नाही.

पण खबीबला पाहून मुलगा म्हणतो, "मला यूएफसीत जायचंय," आणि अब्बा म्हणतात, "मारामारी करून पोट भरतं का?" दोघांचे म्हणणे अर्धे खरे आहे. या पेशात पैसा कोण देतो, किती देतो आणि किती दिवस देतो, हे घरात बसून शांतपणे समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

यूएफसी हा खेळ नव्हे, कंपनी आहे

आयपीएल म्हणजे क्रिकेट नव्हे, तसे यूएफसी म्हणजे एमएमए नव्हे. १९९३ साली अमेरिकेत सुरू झालेली ही लढती भरवणारी कंपनी आज या धंद्यात सर्वांत मोठी आहे. तिचे लढवय्ये पगारी नोकर नसतात. ठराविक लढतींचा करार होतो आणि तो चालू असेपर्यंत सहसा दुसऱ्या कंपनीत लढता येत नाही. नवख्याला लढायला उतरल्याचे साधारण दहा-बारा हजार डॉलर मिळतात आणि जिंकला तर तेवढेच आणखी. आकडा आपल्याला मोठा वाटतो. पण वर्षात लढती दोन-तीनच. त्यातून प्रशिक्षक आणि मॅनेजरचा वाटा, कर, सरावाचा खर्च जातो. दुखापत झाली तर ते वर्ष रिकामे.

२०२३ मध्ये या कंपनीची उलाढाल सुमारे १२९ कोटी डॉलर होती. लढवय्यांना उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच मिळते, असे अमेरिकेतील खटल्यात पुढे आले. बाजार एकट्याच्या मुठीत ठेवून आमचे मानधन दाबले, अशी जुन्या लढवय्यांची तक्रार होती. अखेर ३७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती मंजूर केली. बॉक्सिंगपटूंना प्रवर्तकांच्या मनमानीपासून वाचवण्यासाठी अमेरिकेने २००० साली कायदा केला, त्याला मुहम्मद अली यांचे नाव दिले आहे. तो कायदा एमएमएला मात्र लागू नाही.

महाराष्ट्राचा अनुभव

यूएफसीने करार केलेला पहिला भारतीय आपल्या महाराष्ट्रातला, कुस्तीतून आलेला भरत खंडारे. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायला तो चीनच्या साँग यादाँगविरुद्ध उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. त्याची यूएफसीतली तेवढीच एक लढत. दार उघडणे आणि आत टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खंडारे घडला तो देशातल्या सुपर फाइट लीगमध्ये. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी २०१२ साली मुंबईत ती सुरू केली. पुढे ब्रिटनचा बॉक्सिंगपटू आमिर खान तिच्याशी जोडला गेला आणि २०१७ व २०१८ मध्ये शहरांच्या संघांची लीग भरली. मोहम्मदअली बुधवानी यांच्या कुमिते वन लीगने २०१८ मध्ये माइक टायसनला मुंबईत आणले. २०१९ मध्ये टायगर श्रॉफच्या कुटुंबाने मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू केली. तिथे लढलेला उत्तराखंडचा अंशुल जुबली २०२३ मध्ये आशियाई निवड स्पर्धा जिंकून यूएफसीत गेला. मुजफ्फरनगर जिल्ह्यातील पूजा तोमरही तिथूनच पुढे गेली. जून २०२४ मध्ये यूएफसीत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

यातून दोन गोष्टी कळतात. देशातल्या लीग ही खरी शिडी आहे. आणि पडद्यावरच्या चेहऱ्यांनी उभ्या केलेल्या लीग जशा गाजावाजात येतात, तशा कधी शांतही होतात. एकाच लीगवर घरदार टेकवू नये.

इतर दारे

सिंगापूरची वन चॅम्पियनशिप २०११ पासून आहे. कुस्तीपटू रितू फोगाट २०१९ मध्ये तिथूनच एमएमएत आली. बहरीनची ब्रेव्ह कॉम्बॅट फेडरेशन २०१६ मध्ये शेख खालिद बिन हमद अल खलिफा यांनी स्थापन केली आणि तिच्या लढती भारतातही झाल्या आहेत. अमेरिकेच्या पीएफएलने २०२३ मध्ये बेलाटर ही जुनी प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि २०२४ पासून अरब देशांसाठी वेगळी स्पर्धा सुरू केली. निवृत्तीनंतर खबीब स्वतःही ईगल एफसीचा मालक झाला.

यूएफसी सोडून भले होते का? फ्रान्सिस एन्गानू हेवीवेट विजेता असताना करार न पटल्याने जानेवारी २०२३ मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी पीएफएलशी करार केला आणि ऑक्टोबरमध्ये रियाधला टायसन फ्युरीविरुद्ध बॉक्सिंग करून मोठी कमाई केली. पण तो विजेता होता. नवख्याच्या हातात अशी ताकद नसते, म्हणून त्याने सही करण्यापूर्वीच विचार करायचा.

सही करण्यापूर्वी

करार इंग्रजीत असतो. तो वकिलाला दाखवा. हे प्रश्न विचारा : किती लढती, किती काळात? कंपनीने लढत दिलीच नाही तर? दुखापतीचा खर्च कोणाचा आणि विमा कितीचा? दुसरीकडे लढायची मुभा आहे का? मॅनेजर आणि लढती भरवणारा एकच माणूस तर नाही ना? संधीच्या नावाखाली मुलाकडूनच पैसे मागत असतील, तर धानाच्या पैशाला हात लावण्याआधी दहादा विचार करा. प्रायोजकांत सट्टा किंवा दारूच्या कंपन्या असतील, तर त्यांचे नाव अंगावर मिरवायचे का, हेही आधीच ठरवा.

शरीर ही अमानत

वजन उतरवण्यासाठी अंगातले पाणी काढण्याची पद्धत जीवघेणी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिपच्या मनिला येथील लढतीआधी चीनचा यांग जियान बिंग याच कारणाने दगावला. त्यानंतर त्या कंपनीने अशा वजनउतरणीवर बंदी घातली. डोक्यावरच्या माराचे परिणाम तर वर्षांनी दिसतात. नबी करीम (सल्ल.) यांनी चेहऱ्यावर मारण्यास मनाई केली आहे. मक्केतील फिकह परिषदेने १९८७ मध्ये बॉक्सिंगला नाजायज ठरवले. कुस्तीबद्दल अशी अडचण नाही. खुद्द प्यारे नबींनी रुकानाशी कुस्ती केल्याची रिवायत आहे. घरच्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांशी मशवरा जरूर करावा.

दुसरा आधार

आमचे म्हणणे सरळ आहे. मुलाला आधी कुस्ती, ज्यूदो किंवा बॉक्सिंग नीट शिकू द्या. आपल्या विदर्भात कुस्तीची दंगल नवी नाही आणि एमएमएत कुस्तीचा पाया सर्वांत कामी येतो. मान्यताप्राप्त खेळात पदक मिळाले तर राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोणता खेळ आणि कोणती स्पर्धा त्यात बसते, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाचे पदवी शिक्षण आहे, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा डिप्लोमा आहे. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई खेळांत एमएमएचाही समावेश झाला आहे, म्हणजे देशासाठी खेळण्याची वाटही आता मोकळी होत आहे.

लढवय्याची भराची वर्षे आठ-दहाच. त्यानंतरची चाळीस वर्षे हलाल रोजी कोठून येणार, याचे उत्तर ज्या घराकडे आहे, त्या घरातल्या मुलाने बेलाशक आखाड्यात उतरावे. उत्तर नसेल, तर हातमोजे विकत घेण्याआधी बारावीचा फॉर्म भरावा.