पाच छिद्रांची चौकट

१५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ प्रदर्शित झाला आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं मुक्कामाला राहिला. तिथं तो सत्तर मिलिमीटरच्या प्रिंटवर आणि सहा ट्रॅकच्या स्टिरिओ ध्वनीसह दाखवला जाई. पडद्यावर कथेतल्या जयनं फेकलेलं नाणं खणखणत पडलं की ते शोधायला पिटातले प्रेक्षक खुर्च्यांखाली वाकत, असं अजूनही सांगितलं जातं. ‘सेव्हंटी एमएम’ हा शब्द त्या काळात थेट तिकिटाच्या रांगेत पोचला.

गंमत अशी की, कथेतल्या रामगढच्या खडकाळ रानात सत्तर मिलिमीटरची फिल्म कधी गेलीच नव्हती. छायालेखक द्वारका दिवेचा यांनी ‘शोले’ साध्या ३५ मिलिमीटरवर टिपला. मोठ्या पडद्यावर वर-खाली किती भाग कापला जाईल याचा अंदाज ठेवून चौकटी बांधल्या आणि लंडनमध्ये ते चित्र फुगवून सत्तरच्या प्रिंट काढल्या. मोठं काय होतं, तर दाखवणं. टिपणं नेहमीच्याच मापाचं होतं. रुंद पडद्याचा शंभर वर्षांचा इतिहास याच दोन टोकांमध्ये ओढला गेलेला आहे.

फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रं असतात. यंत्राचे दाते त्यांत अडकतात आणि पट्टी पुढं सरकते. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सननं १८९० च्या दशकात ३५ मिलिमीटरची पट्टी बेतली तेव्हा एका चौकटीला चार छिद्रांची उंची मिळाली. तेच माप जगभर रूढ झालं. वीस मीटर रुंद पडद्यावर हे जेमतेम बावीस मिलिमीटर रुंदीचं चित्र सुमारे नऊशे पट ताणावं लागतं. चित्रातले रासायनिक कण उठून दिसतात, कडा भुरकट होतात आणि छोट्या खिडकीतून जाणारा प्रकाशही अपुरा पडतो. सत्तरच्या प्रिंटवरचं चित्र साधारण अठ्ठेचाळीस मिलिमीटर रुंद असतं, त्यामुळे त्याच पडद्यासाठी ते चारशे पट ताणलं की पुरतं. सगळा फरक एवढ्या गणितात आहे.

हे गणित हॉलिवूडला लवकर कळलं होतं. फॉक्स कंपनीनं ‘ग्रँजर’ नावाची सत्तर मिलिमीटरची पद्धत काढली आणि राऊल वॉल्शनं १९३० मध्ये ‘द बिग ट्रेल’ हा चित्रपट तिच्यावर चित्रित केला. नायक होता जॉन वेन नावाचा नवखा तरुण. पश्चिमेकडं निघालेल्या गाड्यांचा तांडा, कड्यावरून दोरांनी उतरवली जाणारी गुरं, सगळं एकाच चौकटीत मावत होतं. पण थिएटरमालकांनी बोलपटाच्या यंत्रांसाठी नुकतेच खिसे रिकामे केले होते आणि वर महामंदी आली होती. नवी प्रक्षेपणयंत्रं घेणार कोण? सत्तर मिलिमीटरचा ‘द बिग ट्रेल’ जेमतेम दोन थिएटरांत दिसला. बाकी सगळीकडं शेजारी ठेवलेल्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली प्रत गेली. वेन पुढची जवळपास दहा वर्षं स्वस्तातल्या चित्रपटांत घोडे दौडवत राहिला.

मोठ्या चित्राची आठवण पुन्हा यायला टीव्ही यावा लागला. १९४६ नंतर अमेरिकेत थिएटरं ओस पडू लागली. घरातल्या खोक्यात मावणार नाही असं काहीतरी दाखवणं भाग होतं.

३० सप्टेंबर १९५२ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात ‘धिस इज सिनेरामा’ सुरू झाला. निवेदक लोवेल टॉमस सुरुवातीला लहानशा, काळ्यापांढऱ्या चौकटीत बोलत होते. मग पडदे सरकत गेले आणि प्रेक्षक एकदम रोलरकोस्टरच्या पुढच्या बाकावर येऊन बसले. ही करामत फ्रेड वॉलर यांची. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानावरच्या तोफचींना सराव देणारं यंत्र बनवलं होतं. त्यात अर्धगोल पडद्यावर अनेक प्रोजेक्टरांनी शत्रूची विमानं सोडली जात. माणसाला आपण तिथं आहोत असं वाटतं ते नजरेच्या कडेला दिसणाऱ्या हालचालीमुळे, हे वॉलर यांनी हेरलं होतं. सिनेरामाचा वक्र पडदा म्हणूनच १४६ अंशांत पसरलेला होता.

तंत्र मात्र जिवावर उठणारं. एका कॅमेऱ्यात तीन भिंगं आणि ३५ मिलिमीटरच्या तीन पट्ट्या. प्रत्येक चौकट सहा छिद्रांची. दाखवायला तीन वेगळ्या केबिनमध्ये तीन प्रोजेक्टर आणि सात ट्रॅकच्या ध्वनीसाठी आणखी एक यंत्र. एखादी पट्टी तुटली, तर गेल्या तितक्या चौकटींच्या जागी काळी फिल्म जोडावी लागे, नाहीतर तीन चित्रांची लय बिघडे. तिन्ही चित्रांच्या सांध्यांवर रेघ दिसू नये म्हणून प्रोजेक्टरमध्ये थरथरणाऱ्या दातेरी फण्या बसवल्या होत्या. तरी रेघ दिसायचीच. मग दिग्दर्शक तिथं एखादं झाड किंवा खांब आणून उभा करत. ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’मध्ये तर समोरासमोर बोलणाऱ्या नटांना एकमेकांकडं न पाहता भलतीकडंच पाहावं लागे, तेव्हा कुठं पडद्यावर त्यांची नजर जुळे.

फॉक्सनं दुसरी, स्वस्त वाट धरली. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेत्यां यांनी १९२० च्या दशकातच चित्र आडवं दाबणारं भिंग बनवलं होतं. कॅमेऱ्यात दाबायचं आणि प्रोजेक्टरवर तशाच भिंगानं पुन्हा पसरवायचं. १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटातून सिनेमास्कोप आलं. थिएटरवाल्यांना जुना प्रोजेक्टर ठेवून नवं भिंग आणि पडदा घेतला की काम भागत होतं. रुंदी मिळाली, पण फिल्म तेवढीच राहिली आणि जवळून टिपलेले नटांचे चेहरे गालगुंड झाल्यासारखे फुगून दिसू लागले. भारतात हे तंत्र १९५९ मध्ये गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’नं आणलं. छायालेखक होते व्ही. के. मूर्ती.

सिनेरामातून बाहेर पडलेल्या माइक टॉड या खटपट्या निर्मात्याला मात्र सिनेरामाचा थाट हवा होता आणि त्याच्या तीन केबिनी नको होत्या. चित्र एकाच भिंगातून, एकाच पट्टीवर यायला हवं, असा त्याचा हट्ट होता. अमेरिकन ऑप्टिकल या भिंगं बनवणाऱ्या कंपनीतले ब्रायन ओब्रायन यांनी तो पुरवला आणि टॉड व ही कंपनी यांच्या नावांवरून ‘टॉड-एओ’ जन्मलं. कॅमेऱ्यातली निगेटिव्ह ६५ मिलिमीटरची आणि चौकट पाच छिद्रांची. प्रिंट ७० मिलिमीटरची. वाढलेली पाच मिलिमीटर जागा चित्रासाठी नव्हती, दोन्ही कडांना ध्वनीच्या चुंबकीय पट्ट्या बसाव्यात म्हणून होती. चित्राचं क्षेत्रफळ जुन्या चौकटीच्या तिपटीहून अधिक झालं.

पहिला चित्रपट ‘ओक्लाहोमा!’ १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात लागला. टॉड-एओचा वेग सेकंदाला ३० चौकटींचा होता, तर बाकी जग २४ वर चालत होतं. त्यामुळे गावोगावच्या थिएटरांसाठी अख्खा चित्रपट सिनेमास्कोपमध्ये वेगळा चित्रित करावा लागला. एकाच नावाचे दोन चित्रपट, दोन्हींतला अभिनय निरनिराळा! पण या वेळी प्रक्षेपणाचा प्रश्नही कुणीतरी सोडवला होता. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनं ३५ आणि ७० या दोन्ही मापांची फिल्म चालवणारा डीपी-७० हा प्रोजेक्टर बनवला. एक यंत्र घेतलं की दोन्ही धंदे सांभाळता येत. ‘द बिग ट्रेल’ला जे मिळालं नव्हतं ते हेच. या प्रोजेक्टरला पुढं ऑस्करच्या तांत्रिक पुरस्कारानंही गौरवलं गेलं.

त्यानंतरची पंधरा वर्षं या पाच छिद्रांची. ‘बेन हर’साठी (१९५९) चित्र किंचित दाबून ते उंचीच्या २.७६ पट रुंद केलं गेलं. सोव्हिएत संघानं स्वतःची सत्तरची पद्धत उभी केली आणि बोंदार्चुकनं ‘युद्ध आणि शांती’तल्या रणभूमी तिच्यावर टिपल्या. डेव्हिड लीनचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मात्र या मापाचं खरं मर्म दाखवतो. जॉर्डनच्या वाळवंटात मृगजळातून ओमर शरीफ उंटावरून येतो. छायालेखक फ्रेडी यंग यांनी त्यासाठी ४८२ मिलिमीटरचं लांब भिंग लावलं. क्षितिजावर आधी नुसता थरथरता ठिपका, मग एक काळी रेघ आणि बऱ्याच वेळानं माणूस. तो ठिपका पडद्यावर दिसतो म्हणूनच प्रेक्षक थांबून राहतो.

भारतात सत्तर मिलिमीटर आलं ते १९६७ मध्ये ‘अराउंड द वर्ल्ड’मधून. नायक राज कपूर, तर नायिका व्ही. शांताराम यांची कन्या राजश्री. तोवर परदेशात खर्चीक ६५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला फाटा देऊन ३५ वरून फुगवण्याची युक्ती रुळू लागली होती. पुढं ‘शोले’नं नेमकं तेच केलं. प्रेक्षक खरं तर सहा ट्रॅकच्या आवाजासाठी जात होता आणि १९७० च्या दशकाअखेर डॉल्बीनं साध्या ३५ च्या प्रिंटवरच चांगला स्टिरिओ देऊ केला. मग अनेक पटींनी महाग सत्तरच्या प्रिंट काढणार कोण? मल्टिप्लेक्सच्या छोट्या पडद्यांनी उरलेलं काम केलं.

एक शाखा मात्र वाढत राहिली. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात कॅनडातल्या मंडळींनी सत्तरची पट्टी आडवी चालवली. चौकट पंधरा छिद्रांची, क्षेत्रफळ टॉड-एओच्या सुमारे तिप्पट. हेच आयमॅक्स. पट्टी सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास वेगानं धावते. दात्यांनी ओढली तर ती फाटेल, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या रॉन जोन्सनं शोधलेल्या युक्तीनं ती लाटेसारखी सरकवतात. ‘ओपनहायमर’ची (२०२३) अशी प्रिंट सुमारे १८ किलोमीटर लांब आणि २७० किलो वजनाची होती. ती दाखवू शकणारे पडदे जगात तीसच निघाले. त्यांत भारतातला एकही नव्हता. पाच छिद्रांच्या मापातल्या टॅरंटिनोच्या ‘द हेटफुल एट’साठी (२०१५) ‘बेन हर’च्या काळातली भिंगं कपाटातून निघाली, पण शंभरेक थिएटरांसाठी जुने प्रोजेक्टर शोधून, दुरुस्त करून बसवावे लागले.

‘शोले’चा नवा अवतार जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात खुल्या चौकात दाखवला गेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनला मूळ निगेटिव्ह पार खराब झालेली मिळाली आणि सत्तर मिलिमीटरची एकही प्रिंट शिल्लक नव्हती. ब्रिटनमध्ये सापडलेल्या आणि इतर दुय्यम प्रतींवरून चित्र दुरुस्त झालं. चौकटीचं प्रमाण मिनर्व्हातलंच, उंचीच्या २.२ पट रुंद. फक्त पट्टी नव्हती, छिद्रं नव्हती. चित्र डिजिटल फाइलमधून पडद्यावर येत होतं.