तट कोणासाठी?

इंग्रजीत ‘बुलवर्क’ असा एक जुना शब्द आहे. मूळ अर्थ बुरूज, तटबंदी. पुढे हाच शब्द इंग्रज लोक स्वातंत्र्य राखणाऱ्या कायद्यालाही लावू लागले. पण तटाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

आठव्या हेन्री राजाने रोमच्या पोपशी संबंध तोडले. परकीय स्वारीच्या धास्तीने त्याने १५३९ पासून किनाऱ्यावर डील, वॉल्मर असे गोल बुरुजांचे किल्ले बांधले. तो राजाचा तट. पुढे राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा १६४२-४३ मध्ये लंडनभोवती मातीचा कोट उभा राहिला. राजाच्या फौजेला अडवण्यासाठी सामान्य स्त्री-पुरुषांनी, मुलांनीसुद्धा माती खणून तो उभारला. तो जनतेचा तट. पण १६४७ मध्ये तो पाडला गेला.

कायद्याचा तट मात्र टिकला. १२१५ मध्ये सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा ही सनद मिळवली. कायद्यावाचून स्वतंत्र माणसाला कैद करता येणार नाही, असे तिच्यात होते. परंतु जमिनीला जखडलेला वेठबिगार ‘स्वतंत्र माणूस’ नव्हता! १६७९ मध्ये हेबियस कॉर्पसचा कायदा झाला. कैद्याला न्यायाधीशापुढे आणा, कैदेचे कारण सांगा, हे त्याचे सार. कायदेपंडित ब्लॅकस्टोनने याच कायद्याला स्वातंत्र्याचा बुरूज म्हटले.

खरी कसोटी १७७२ मध्ये लागली. जेम्स सॉमरसेट या काळ्या गुलामाला जमैकात विकण्यासाठी जहाजावर बेड्या घालून डांबले होते. हितचिंतकांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला आणि न्यायमूर्ती मॅन्सफिल्ड यांनी त्याला मुक्त केले. गुलामगिरी त्या निकालाने संपली नाही. साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदा व्हायला १८३३ साल उजाडले. पण बाहेर ठेवलेला माणूस तटाच्या आत आला.

बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. हा सारा इतिहास त्यांना अवगत होता. आपल्या राज्यघटनेच्या ३२ व्या कलमात हेबियस कॉर्पस नावानिशी आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले. हा तट सरदारांपुरता नाही, झोपडीतल्या माणसाचाही आहे.

बंधू-भगिनींनो, पहारा नसेल तर बुरूज ढासळतो. प्रतिबंधक स्थानबद्धता सोडली, तर अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. हे २२ वे कलम घराघरांत मुलामुलींना पाठ असू द्या. जयभीम!