झाकणाआडचा जपान

खान्देशातल्या जुन्या मनगटी घड्याळांची ओळख

जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ, यांपैकी कुठल्याही गावातल्या जुन्या घरात विचारा, "तुमच्याकडे एखादं जपानी घड्याळ आहे का?" बहुतेक ठिकाणी नाही म्हणतील. मग विचारा, "एचएमटी आहे का?" लगेच कपाटावरचा डबा खाली निघतो. कुणाला ते लग्नात सासऱ्यांनी घातलेले असते, कुणी नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून घेतलेले, कुणाला सेवानिवृत्तीच्या समारंभात मिळालेले. "हाई घड्याळ मना बापनं शे," हे सांगताना आवाज जरा चढतो. त्या घड्याळाचे मागचे झाकण उघडले, की आत जे मशीन दिसते त्याचा मूळ आराखडा टोकियोच्या सिटिझन कंपनीचा असतो. खान्देशात जुनी जपानी घड्याळे जमवायची असतील, तर शोध घरातल्या या डब्यापासून सुरू व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

होमर ते जनता

सिटिझनचे मूळ १९१८ मध्ये टोकियोत निघालेल्या शोकोशा या घड्याळ संशोधन संस्थेत आहे. १९२४ मध्ये संस्थेने खिशात ठेवायचे घड्याळ बाजारात आणले. टोकियोचे महापौर राहिलेले गोटो शिंपेई यांनी त्याला 'सिटिझन' हे नाव सुचवले. घड्याळ श्रीमंतांपुरते न राहता साध्या नागरिकाच्या हाती यावे, ही त्यामागची इच्छा. १९३० मध्ये याच नावाने कंपनी स्थापन झाली. घड्याळ हातातून पडले तरी बॅलन्स या झुलत्या चाकाच्या नाजूक आसाचे टोक मोडू नये, म्हणून १९५६ मध्ये तिने 'पॅराशॉक' ही सोय आणली. त्यानंतर आलेल्या 'होमर' या चावीच्या घड्याळाने जपानी नोकरदारांच्या मनगटावर जम बसवला.

भारतात हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये उभी राहिली. १९६१ मध्ये तिने सिटिझनच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला. तिथल्या पहिल्या खेपेची घड्याळे पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. सुरुवातीच्या काही डायलवर एचएमटी आणि सिटिझन अशी दोन्ही नावे दिसतात, आणि संग्राहक आज त्याच डायलच्या मागे असतात. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग इथेही कारखाने झाले. जनता, पायलट, जवान, कोहिनूर, सोना ही नावे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. देवनागरी आकड्यांची जनताही निघाली.

जनताच्या आतले ०२३१ हे मशीन होमरच्याच घराण्यातले. ते तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. डायलवर '१७ ज्वेल्स' लिहिलेले असते. ही १७ कृत्रिम माणके. फिरत्या आसांची टोके त्यांत बसतात, त्यामुळे घर्षण कमी होते आणि धातू झिजत नाही. जळगावच्या सराफ बाजारात या माणकांना मोल नाही, पण मशीनचे आयुष्य त्यांच्यावरच उभे असते. त्याच डायलवर बारीक अक्षरांत 'पॅराशॉक' हा शब्दही असतो. घड्याळाचे जपानी कूळ असे उघड्यावर छापलेले आहे, वाचणारा हवा.

रेल्वेचे गाव असलेल्या भुसावळच्या वाचकांना आणखी एक नाते जवळचे वाटेल. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सिटिझनने होमरचा एक खास प्रकार केला होता. चावी बाहेर ओढली, की त्यातला सेकंदकाटा थांबायचा, म्हणजे सगळ्यांची घड्याळे सेकंदाबरहुकूम जुळवता यायची. त्या घड्याळाचे भावंड एचएमटीच्या नावाने आपल्याकडे आले आणि ड्यूटीच्या पाळ्या सांभाळणाऱ्या हातांवर राबले.

दुसरी वाट : सिको

खान्देशातल्या दुसऱ्या जपानी घड्याळाची कुळकथा वेगळी आहे. हात्तोरी किंतारो यांनी १८८१ मध्ये टोकियोत घड्याळांचे दुकान थाटले आणि १८९२ मध्ये सेइकोशा हा कारखाना काढला. जपानचे पहिले मनगटी घड्याळ 'लॉरेल' तिथेच १९१३ मध्ये तयार झाले. १९६३ मध्ये कंपनीने 'स्पोर्ट्समॅटिक ५' आणले. आपल्याकडचे 'सिको फाइव्ह' ते हेच घराणे. त्याचे मशीन ऑटोमॅटिक, वार आणि तारीख एकाच खिडकीत, चावी चारच्या आकड्यापाशी आणि केस पाण्याला दाद न देणारी.

त्याच्या मशीनमधली 'मॅजिक लिव्हर' ही १९५९ ची युक्ती पाहण्यासारखी आहे. हाताच्या हालचालीने आतले अर्धगोल वजन डावीकडे फिरो की उजवीकडे, दोन नख्यांची एक छोटी पट्टी एकाच चाकाला कधी ओढते, कधी ढकलते. चाक मात्र नेहमी एकाच दिशेने फिरते आणि मुख्य कमान भरत जाते. भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. शेतात, गिरणीत, ट्रकच्या स्टिअरिंगवर राबणाऱ्या हाताला असेच मशीन मानवते.

परदेशी घड्याळ बाळगणे मात्र त्या काळी सोपे नव्हते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ मध्ये सोन्याच्या जोडीने घड्याळांचाही नाव घेऊन उल्लेख आहे. तस्करीचा माल समजून घड्याळ जप्त झाले, तर ते तस्करीचे नाही हे दाखवून देण्याची जबाबदारी ते ज्याच्याकडे सापडले त्याच्यावर. त्यामुळे त्या काळच्या सिकोची पावती सापडणे विरळाच. कुणाला ते आखातात कामाला गेलेल्या नातेवाइकाने आणून दिलेले असते, कुणी मुंबईच्या बाजारातून घेतलेले असते. कागद नसला तरी घड्याळच कधी कधी साक्ष देते. वाराच्या खिडकीत इंग्रजीबरोबर अरबी अक्षरे उमटत असतील, तर ते घड्याळ अरबी देशांतल्या बाजारासाठी घडले होते, एवढे नक्की.

झाकण वाचावे कसे

जाणकार घड्याळ हातात घेतल्यावर आधी ते उलटे करतो. समजा, सिकोच्या झाकणावर '६११९-८०८३' असा आकडा आहे आणि शेजारी '१डी'ने सुरू होणारा सहा खुणांचा क्रमांक आहे. पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे. क्रमांकातला पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक आणि त्यापुढची खूण म्हणजे महिना. १ ते ९ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, शून्य म्हणजे ऑक्टोबर, 'एन' म्हणजे नोव्हेंबर आणि 'डी' म्हणजे डिसेंबर. आता हे वर्ष १९६१, १९७१ की १९८१? इथे मशीनचा नंबर कामी येतो. ६११९ हे मशीन साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आले आणि सत्तरच्या दशकात चालले. म्हणजे घड्याळ डिसेंबर १९७१ चे.

सिटिझनची रीत थोडी वेगळी. तिथे क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा आणि पुढचे दोन महिन्याचे. '७०३' म्हणजे सातने संपणाऱ्या वर्षातला मार्च. ते दशक कुठले, हे इथेही मशीन आणि डायलची घडण पाहूनच ठरवावे लागते.

झाकणानंतर डायल, आणि तीही भिंगातून. सहाच्या आकड्याखाली, अगदी कडेला, केसाएवढ्या अक्षरांत एक मजकूर असतो. सिकोच्या बाबतीत त्यात मशीनचा नंबर येतो आणि तो झाकणावरच्या नंबराशी जुळायला हवा. जुन्या डायलवर तिथेच वर एक छोटे चिन्ह असते. त्यावरून घड्याळ सिकोच्या सुवा कारखान्यातले की दाइनी कारखान्यातले, हे कळते. पाण्याबद्दलचे शब्दही काळ सांगतात. १९७० च्या आसपास सिकोने 'वॉटरप्रूफ' सोडून 'वॉटर रेझिस्ट' लिहायला सुरुवात केली. १९६५ च्या घड्याळावर 'रेझिस्ट' दिसले, तर काहीतरी बदललेले आहे असे समजावे.

रंगवलेल्या डायल

बदललेल्या घड्याळांचा एक मोठा प्रवाह आपल्याच राज्यातून वाहतो. जगभरचे संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. जुने चालू मशीन, घासून गुळगुळीत केलेली केस आणि वर नव्याने छापलेली भडक निळी, केशरी किंवा हिरवी डायल. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. अक्षरे जाड आणि कडेला फुटलेली. सहाखालचा बारीक मजकूर गायब किंवा चुकीचा. सेकंदाच्या रेषा आणि काट्यांची टोके जुळत नाहीत. केसच्या पट्टा बसवायच्या शिंगांची धार पॉलिशने गेलेली. पन्नास वर्षांच्या घड्याळावर एकही डाग नसेल, तर आधी शंका घ्यावी.

या डायल करणाऱ्या कारागिरांच्या हातातल्या कसबाला मी कमी लेखत नाही. नवे भाग येत नसताना त्यांनीच हजारो मशीन चालती ठेवली. पण विकणाऱ्याने ते अस्सल म्हणून खपवू नये आणि घेणाऱ्याने अस्सलचे दाम मोजू नयेत. घरातले घड्याळ तर कधीच रंगवायला देऊ नये. वडिलांच्या घामाने काळवंडलेली डायल एकदा पुसली, की ती परत मिळत नाही.

दुरुस्तीच्या टेबलावर

खान्देशचा उन्हाळा मशीनला सोसत नाही. ४५ अंशांच्या उन्हात आतले तेल आटते आणि चिकट होते. काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगमधला कापसाचा तंतू चावीच्या फटीतून आत शिरतो. मग घड्याळ आधी रोज दोन-चार मिनिटे मागे पडू लागते आणि शेवटी थांबते. चांगला घड्याळजी काय करतो ते शेजारी बसून पाहावे. जनताचे दाबून बसवलेले झाकण तो पात्याने अलगद उचकटतो. डोळ्याला भिंग लावतो आणि आधी मुख्य कमानीचा ताण उतरवतो. मग बॅलन्स उचलतो. खाली लोंबणारी हेअरस्प्रिंग इतकी बारीक असते, की श्वासाने हलते. सुटे भाग धुऊन, वाळवून पुन्हा बसवतो आणि सुईच्या टोकावर मावेल एवढा तेलाचा थेंब प्रत्येक माणकाला देतो. थेंब मोठा झाला तर तेल पसरते आणि पुन्हा धूळ धरते.

केसकडेही बघावे. जनताची केस बहुधा क्रोम चढवलेल्या पितळेची असते. मनगटाचा घाम जिथे सारखा लागतो तिथे क्रोम उडते आणि पिवळे पितळ दिसू लागते. सिकोची केस पोलादाची, तिच्यावर फक्त चरे पडतात. दोन्ही खुणा वापराच्या आहेत. त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही.

जपायचे काय

२५ डिसेंबर १९६९ रोजी सिकोनेच 'अ‍ॅस्ट्रॉन' हे जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला काढले आणि चावीच्या घड्याळांचे दिवस मोजले गेले. भारतात ती लाट ऐंशीच्या दशकात पोचली. जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्र सरकारने मंजुरी दिली. आता सुटा भाग मिळतो तो दुसऱ्या बंद घड्याळातून. म्हणून डब्यातले बंद एचएमटीही भंगारात घालण्यासारखे राहिलेले नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत खान्देश मुळीच कोरा नाही. गावोगावची दप्तरे धुंडाळणाऱ्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या नावाने धुळ्यात १९२७ मध्ये संशोधन मंडळ उभे राहिले. घरात पडून असलेला साधा कागदही साधन असतो, ही शिकवण या मातीला मिळाली आहे. तीच घड्याळांना लावायला हवी. झाकणावरचे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. पावती, गॅरंटी कार्ड, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या एका पाकिटात ठेवाव्यात. घड्याळ कुणी, कुठून, कुठल्या निमित्ताने घेतले, हे सांगणारे आहेत तोवर विचारून लिहून ठेवावे. टोकियोचा आराखडा, बंगलोरच्या कामगारांचे हात आणि खान्देशातल्या कष्टाचा पगार या तिन्हींची नोंद ज्या घड्याळाबरोबर आहे, ते माझ्या मते कुठल्याही महागड्या नमुन्याहून मोठे आहे. मशीन काय आहे हे आकड्यांवरून पुढेही कुणीतरी ओळखेल. ते घड्याळ कुणाचे होते, हे मात्र आपण लिहिले तरच उरेल.