जमीन एक, शेर कोणाचा?

पबजीवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली आणि आमच्या वर्गातली मुले फ्री फायरकडे वळली. आकाशातून उडी, बेट, बंदुकांची शोधाशोध, शेवटी एकच जिवंत, सगळे तेच. मग ही चोरी म्हणायची का?

पबजीची कंपनी क्राफ्टन जानेवारी २०२२ मध्ये हाच आरोप घेऊन कॅलिफोर्नियातल्या कोर्टात गेली. त्याआधी २०१८ मध्ये नेटईजवरच्या दाव्यात तर हाणामारीच्या फ्राइंग पॅनचाही उल्लेख होता! हसू येते, पण खरा मुद्दा त्या पॅनमध्येच आहे.

तरही मुशायरा आपल्याला नवा नाही. एक मिसरा दिला जातो. त्याच जमिनीत, म्हणजे तीच बहर, तोच काफिया-रदीफ धरून सारे शायर गझल लिहितात. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. दुसऱ्याचा शेर उचलला, की मात्र तो सर्का. ‘हम हिंदुस्तानी’ नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ चित्रपटाच्या खटल्यात १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच धरले: कल्पनेवर मालकी नाही, मांडणीवर आहे.

‘शेवटी एकच जिवंत’ ही जमीन. ती पबजीचीही नव्हे. जपानी ‘बॅटल रॉयल’ चित्रपट २००० सालचा. पॅन मात्र शेर. पुण्याच्या सुपरगेमिंगचा २०२४ चा ‘इंडस’ही याच जमिनीतला, पण त्याचे जग भारतीय वळणाचे.

इकडे नांदेड-लातूरला शाळेचे प्रकल्प तयार विकत मिळतात. गेमच्या कॉपीवर तावातावाने भांडणारी मुले तेच बिनधास्त जमा करतात. दोघांचा विषय एक असला तर आम्ही गुण कापत नाही. वाक्ये एक निघाली की वही परत.