नायक नाही, नायिका नाही, नुसता हिशेब!

पडद्यावर नुसता उजेड आणि अंधार दिसू लागला, तर आपण ऑपरेटरच्या नावाने खडे फोडू. पण व्हिएन्नाच्या पीटर कुबेल्का यांनी १९६० साली मुद्दाम तसाच चित्रपट केला. नाव ‘आर्नुल्फ रायनर’. हे ऑस्ट्रियातल्या एका चित्रकाराचे नाव. चित्रपटात मात्र ना त्याचा चेहरा, ना त्याचे चित्र! चौकटी दोनच जातींच्या, निखळ पांढऱ्या नि निखळ काळ्या. आवाजाचेही तेच : धबधब्यासारखा एकसुरी घोष, नाहीतर शांतता.

आता हिशेब पाहा. सेकंदाला चौकटी २४. चोविसाचा वर्ग ५७६; तेवढ्या चौकटींचा एक खंड, असे खंड १६. एकूण चौकटी ९२१६, म्हणजे ६ मिनिटे २४ सेकंद. कॅमेऱ्याची गरजच पडली नाही.

ही कला कसली, असे कोणी विचारील. तबला शिकणाऱ्याला हा प्रश्न पडायचा नाही. मात्रा मोजल्या म्हणून ठेका काही रुक्ष होत नाही. इथे चौकट हीच मात्रा. काळे-पांढरे झरझर पालटू लागले, की फिल्मवर नसलेले रंग नि आकार डोळ्यांपुढे नाचू लागतात. ते प्रत्येकाचे निराळे. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला काय दिसले, हे त्यालाच विचारावे. (फेफऱ्याचा विकार असलेल्यांनी मात्र या लखलखाटापासून दूरच राहावे.)

पुढे कुबेल्कांनी याच फिल्मच्या पट्ट्या भिंतीवर ओळीने लावूनही दाखवल्या. तिथे सारी वीण एका नजरेत दिसते, पण डोळ्यांपुढचे ते रंग तेवढे दिसत नाहीत.